झाकलेले पान

पावसाळ्यातल्या एका शनिवारी आठवीच्या वर्गात एका मुलीने मला एक प्रश्न विचारला. दिवाळी तोंडावर आली तरी त्याचे नीट उत्तर मला देता आलेले नाही. प्रश्न साधाच होता. “बाई, तिनं कागद चिकटवून झाकलेलं पान त्या लोकांनी का वाचलं?” तास संपायला दोन-तीन मिनिटे उरली होती. मी काहीतरी बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटले. घंटेने शिक्षकाला आजवर किती वेळा वाचवले आहे याचा हिशेब कुणी ठेवीत नाही, हे आमचे नशीबच म्हणायचे.

‘ती’ म्हणजे ॲन फ्रँक. ॲम्स्टरडॅममधल्या एका कचेरीच्या मागच्या भागात दोन वर्षे लपून राहिलेली, तिथे डायरी लिहिणारी आणि पुढे नाझी छळछावणीत मेलेली ज्यू मुलगी. हे नाव वाचकांना नवे नाही. तिची डायरी मराठीतही आलेली आहे. परंतु ती आमच्या वर्गात कशी आली हे सांगितल्यावाचून त्या प्रश्नाची धार लक्षात यायची नाही.

मी इतिहासाची शिक्षिका नव्हे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. शाळेत आले ती ग्रंथालयाची कपाटे सांभाळायला. पुढे माझ्या दोन-चार कादंबऱ्या छापून आल्या, तेव्हा ‘हिला लिहिता येते तर वाचूनही दाखवता येईल’ असा हिशेब मांडून मुख्याध्यापकांनी आठवीचे वाचनाचे तास माझ्याकडे सोपवले. शाळा कोल्हापूरपासून फार लांब नाही. मुले ऊस आणि दूध यांवर चालणाऱ्या घरांतली. बहुतेक सायकलवरून येतात. सायकलींचा उल्लेख मी उगीच करीत नाही, तो पुढे कामाला येईल.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मुलांना ‘मला आवडणारा थोर पुरुष’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हिटलरवर लिहिले. त्याने देशाला शिस्त लावली, रस्ते बांधले, लोकांच्या हाताला काम दिले, वगैरे. अक्षर सुरेख होते. पोराला मी दोष कसा देऊ? आपल्याकडे रस्त्यावरच्या पुस्तकवाल्याच्या चवडीत हिटलरचे आत्मचरित्र व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकांशेजारी सुखाने नांदत असते आणि चांगली शिकलेली माणसे ते चाळून विकतही घेतात. मी त्याला म्हटले, “अरे, त्या माणसाच्या राज्यात साठ लाख ज्यू मारले गेले.” त्याने मान डोलावली आणि ‘६० लाख’ हा आकडा वहीत लिहून घेतला. परीक्षेत विचारला तर असावा म्हणून.

त्या आकड्याने त्याच्या मनाचा एक केसही हलला नाही हे मला दिसले. आणि खरे सांगायचे तर माझाही हलला नव्हता. मी तो आकडा पहाड्यासारखाच म्हटला होता. तेव्हा मनाशी ठरवले की, वाद घालायचा नाही, डायरी वाचायची.

वाचनाची पद्धत अशी ठेवली. आठवड्यातून दोन तास मी वाचून दाखवायचे आणि शनिवारी संगणकाच्या खोलीत मुलांनी वाचलेल्यासंबंधी शोध घ्यायचा. आमच्या खोलीत आठ संगणक आहेत. त्यांपैकी तीन चालतात. म्हणजे एकाभोवती डझनभर डोकी. एक नियम मात्र मी घातला. डायरी संपेपर्यंत शेवट कुणी शोधायचा नाही. कारण डायरी आणि इतर पुस्तके यांत माझ्या मते हाच मुख्य भेद आहे: डायरी लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे ठाऊक नसते. इतिहासाच्या पुस्तकाला सगळे ठाऊक असते, म्हणून ते इतके शांत असते.

या नियमाचा उपयोग मला पहिल्याच आठवड्यात दिसला. १२ जून १९४२ रोजी, तेराव्या वाढदिवसाला, ॲनला ती डायरी मिळाली. आरंभीच्या पानांतच ती ज्यूंवरच्या बंदीहुकमांची यादी देते. छातीवर पिवळा तारा लावायचा. ट्रॅममध्ये बसायचे नाही. ठरावीक वेळातच खरेदी करायची. रात्री आठनंतर बाहेर दिसायचे नाही. आणि सायकली सरकारजमा करायच्या. छळछावणी, वायूची कोठडी या शब्दांनी गप्प न बसलेला वर्ग ‘सायकल’ म्हणताच गप्प झाला. “म्हंजे सायकल देऊनच टाकायची?” “परत कधी देणार?” “मग शाळेत कसं जायचं?” हे प्रश्न खुद्द त्या वेळच्या ॲम्स्टरडॅममधल्या मुलांनी विचारले असतील तसेच होते. शेवट ठाऊक असता तर ही सायकल कुणाच्या ध्यानातही राहिली नसती. शेवटापुढे ती क्षुल्लक दिसते. परंतु छळ हा असाच, एकेका क्षुल्लक हुकमाच्या पावलाने येतो, आणि प्रत्येक पावलाला माणूस म्हणतो, ‘चला, एवढ्यावर भागले.’

शनिवारच्या शोधात मुलांना प्रागचा पेटर गिंझ सापडला. तोही तेव्हा तेराच वर्षांचा. सप्टेंबर १९४१ मध्ये ज्यूंना तारा लावण्याची सक्ती झाली, त्या दिवशी शाळेला जाताना वाटेत त्याने ६९ ‘शेरीफ’ मोजले अशी नोंद त्याच्या डायरीत आहे. अमेरिकन चित्रपटांतल्या शेरीफच्या छातीवर तारा असतो ना, म्हणून. “तो चेष्टा करतोय का बाई?” एकाने विचारले. मी म्हटले, “तूच सांग.” तो विचार करून म्हणाला, “चेष्टाच करतोय, पण मोजतोय पण.” माझ्या कादंबऱ्यांवर आलेल्या एकाही परीक्षणात मला इतके नेमके वाक्य आढळलेले नाही.

या पेटरने पुढे तेरेझीनच्या बंदिवासात मुलांचे एक हस्तलिखित साप्ताहिक संपादित केले आणि चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल याचे चित्र काढले. इलान रामोन या इस्रायली अंतराळवीराने त्या चित्राची प्रत २००३ साली ‘कोलंबिया’ यानातून अवकाशात नेली. ते यान परतताना १ फेब्रुवारी २००३ रोजी कोसळले. “यातच कल्पना चावला होती!” असा एकच गलका खोलीत झाला, कारण तिचे नाव आमच्या मुलांना पाठ असते. तो दिवस पेटरच्या जन्माचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. चित्राची ती बातमी जगभर झाली तेव्हाच, प्रागमध्ये एका घराच्या माळ्यावर सापडलेल्या वह्या कुणाच्या असाव्यात याचा उलगडा झाला. पेटरची डायरी प्रकाशात आली ती त्यामुळे. आता हे सारे शोधताना पेटर सोळाव्या वर्षी आउश्वित्झला पाठवला गेला, हेही मुलांना त्याच पडद्यावर, त्याच ओळींत दिसले. माझा नियम ॲनपुरता होता. संगणकाला तो कुठून कळणार? या यंत्राची हीच रीत आहे. नाव टंकले की आधी जन्मतारीख, तिच्या शेजारी मृत्यूची तारीख, आणि आयुष्य त्या दोहोंच्या खाली.

नियम मोडला तो हिटलरवर लिहिणाऱ्या मुलानेच. त्याने घरी वडिलांच्या मोबाइलवर ॲनचा शेवट पाहून ठेवला आणि कुणाला सांगितले नाही. १९४४ च्या वसंतातली पाने मी वाचीत होते. युद्ध संपल्यावर आपण पत्रकार होऊ, लेखिका होऊ, असे बेत ती करते आहे. एकाएकी तो मुलगा उभा राहिला. “बास करा की बाई.” मी विचारले, “का रे?” तो म्हणाला, “तिला ठाऊकच नाही.” एवढेच बोलून तो खाली बसला आणि बाकावर नखाने रेघा ओढू लागला. वर्गाला काही कळले नाही. मला कळले. ज्याने ६० लाख शांतपणे टिपून घेतले, त्याला एकीचे न-ठाऊक-असणे सोसवेना.

कुणी म्हणेल, मग साधले की तुमचे काम! मुलगा हळवा झाला, हिटलर उतरला, आणखी काय पाहिजे? मलाही त्या रात्री तसेच वाटले. पण पुढल्या तासांना त्याच्याकडे पाहताना मी बेचैन होऊ लागले. ॲन आईवर चिडते, लपलेल्या जागेतल्या दंतवैद्यावर तोंडसुख घेते, बटाट्यांना नाके मुरडते, तिथे इतर मुले खदखदून हसत. हा मात्र सुतकात बसल्यासारखा बसे. त्याच्या लेखी ती आधीच मेलेली होती. हरदास अभिमन्यूचे आख्यान लावतो तेव्हा साऱ्या मंडपाला पुढचे ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यांचे डोळे आधीपासूनच पाझरू लागतात. पण अभिमन्यूची कथा त्या चक्रव्यूहाकडे जाण्यासाठीच रचलेली असते. या मुलीचे आयुष्य बेर्गेन-बेल्सनकडे जाण्यासाठी रचलेले नव्हते. ती तिथे १९४५ च्या आरंभी, छावणीची सुटका व्हायच्या काही आठवडे आधी, प्रलापक ज्वराने मेली. तिच्या प्रत्येक हसऱ्या ओळीवर ते मरण आधीच पसरून ठेवणे हा तिच्यावर अन्यायच नव्हे काय? मारणाऱ्यांच्या दृष्टीनेही ती केवळ मरायची होती.

आणि तरीही शेवट दडवून ठेवण्याचा मला तरी काय अधिकार? हे आहे असे आहे. डायरी वाचायची तर दोन मनांनी वाचली पाहिजे, एकाला ठाऊक आहे आणि एकाला नाही. आणि तेरा वर्षांच्या मुलाकडून ते कसे साधून घ्यायचे याची युक्ती मला अजून सापडलेली नाही.

शोधाचे तास पुढे चालू राहिले. त्यांत मुलांना जे सापडले त्यातले एकच सांगते. नेदरलंड्समध्ये सुमारे १,४०,००० ज्यू होते आणि त्यांतले एक लाखाहून अधिक मारले गेले. एवढे जमले याचे एक कारण म्हणजे तिथली चोख नागरिक-नोंदणी. माणसामाणसाची नोंद तयार होती. १९४१ साली ॲम्स्टरडॅमच्या नगरपालिकेच्या सांख्यिकी खात्याने तर एक नकाशाच काढून दिला. एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. त्या कारकुनाने कुणाला मारले नाही. त्याने ठिपके नीट दिले. २७ मार्च १९४३ रोजी विलेम अरोंडेयस नावाच्या चित्रकार-लेखकाने आणि त्याच्या साथीदारांनी पोलिसांचे वेष घालून ते नोंदणी कार्यालय पेटवले. त्यापायी १२ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. आज त्याच देशात, मारल्या गेलेल्यांपैकी प्रत्येकाचे नाव असलेले एक स्मारक इंटरनेटवर उभे आहे. २००५ पासून कुणीही ते पाहू शकतो. कित्येक घरांच्या पानावर तिथल्या सामानाची यादी आहे: खुर्च्या किती, उशा किती, भांडी किती. ही यादी घर लुटताना लुटणाऱ्यांनी केलेली. मुलांनी ती मोठ्याने वाचली. आपल्याकडे बोहारणीशी घासाघीस करताना होते तशी. मध्येच एक मुलगी म्हणाली, “म्हणजे ज्या यादीनं चोरलं तीच यादी आता साक्षीला?” होय, बाळ. याद्यांना स्वतःचे मन नसते.

याच सुमारास एका मुलाने वळिवड्याची माहिती शोधून आणली. ॲमस्टरडॅमहून एकदम वळिवडे म्हणजे वाचकाला चमत्कारिक वाटेल. पण आम्हांला ते सायकलच्या टप्प्यातले गाव आहे. १९४० आणि १९४१ साली सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून लाखो माणसे सायबेरियाकडे हद्दपार केली. त्यांतून जगलेल्यांपैकी सुमारे ५,००० पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुले, इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ पर्यंत वळिवड्याच्या छावणीत राहिले. नंतर तिथे फाळणीतले सिंधी निर्वासित आले. आजचे गांधीनगर ते तेच. ज्याने हे शोधून आणले त्या मुलाचे पणजोबा नव्वदी ओलांडलेले आहेत. लहानपणी ते आपल्या वडिलांबरोबर त्या छावणीला दूध घालायला जात. मुलाने त्यांना विचारले, “त्या कशासाठी आल्या होत्या इथं?” म्हातारा म्हणाला, “काय की. आम्ही काय विचारलं नाही. दूध मापून घ्यायच्या. एक बाई मापाकडं बघता बघता रडायची.” पाच वर्षे दूध घातले आणि विचारले नाही! याला मी सौजन्य म्हणू की बेफिकिरी? मुलांत यावर दोन तट पडले. मी कोणत्याच बाजूला गेले नाही, कारण न विचारण्यातही माणुसकी असू शकते असे मला तेव्हा पक्के वाटत होते, आणि विचारले असते तर तिला बरे वाटले असते असेही.

आता त्या पानाकडे येते. ॲनने पहिल्या डायरीतली सप्टेंबर १९४२ मधली दोन पाने तपकिरी कागद चिकटवून झाकून टाकली होती. सत्तर वर्षांहून अधिक काळ ती तशीच होती. पुढे डायरीची तपासणी करताना मागून प्रकाश टाकून त्या पानांची छायाचित्रे घेतली गेली, अक्षरांवर अक्षरे आलेला मजकूर संगणकाच्या साहाय्याने सोडवला, आणि मे २०१८ मध्ये तो जगाला सांगितला. काय होते त्यात? काही खोडलेल्या ओळी, चार चावट विनोद, आणि स्त्री-पुरुषसंबंधांविषयी एका वाढत्या मुलीने जुळवलेली माहिती. शोधणाऱ्या संस्थांनी कारणे दिली: डायरी हा जगाचा वारसा आहे, अभ्यासाला तिचे मोल आहे, या मजकुराने तिच्या नावाला बाध येत नाही, उलट ती अधिक जवळची वाटते. हे सारे मुलांना एका शनिवारी सापडले. मी लपवू शकले असते, लपवले नाही. ‘चावट विनोद’ म्हणताच जे व्हायचे ते झाले. हसणे ओसरल्यावर मी विचारले, “वाचायला पाहिजे होतं का?”

मुले आपल्याला वाटतात त्याहून चांगले वकील असतात. एक म्हणाला, ती मेली, आता तिला काय कळणार? दुसरी म्हणाली, तिला लेखिका व्हायचे होते, मग लोकांनी वाचलेले तिला आवडलेच असते. हे अर्धे खरे होते. २८ मार्च १९४४ रोजी लंडनहून डच मंत्री बोल्कस्टाइन यांनी नभोवाणीवरून लोकांना डायऱ्या आणि पत्रे जपून ठेवण्याचे आवाहन केले. ते ऐकून ॲनने आपली डायरी छापण्याजोगी करण्यासाठी नव्याने लिहायला घेतली, माणसांची नावे बदलली, गाळायचे ते गाळले. वॉर्साच्या बंदिस्त वस्तीत रिंगेलब्लुम आणि त्यांच्या सोबत्यांनी तर हजारो कागद पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरले, ते कुणीतरी उकरून वाचावेत म्हणूनच. त्या पेट्या १९४६ मध्ये आणि कॅन १९५० मध्ये निघाले. असे कागद न वाचणे हा गुन्हाच होईल. पण ॲनने नव्याने लिहिताना ते झाकलेले पान घेतले नाही. वाच म्हणून पुरलेले आणि वाचू नको म्हणून चिकटवलेले, ही दोन्ही पाने एका मापाने कशी मोजायची?

हिटलरवाला मुलगा म्हणाला (त्याला आता असे म्हणणे बरोबर नाही, पण मला सवय झाली), “बाई, ती डायरी खोटी आहे असं म्हणणारी पण माणसं आहेत. मी वाचलंय.” खरे आहे. म्हणूनच तिच्या कागदाची, शाईची, अक्षराची शास्त्रीय तपासणी करवून १९८६ साली डच संस्थेला ती साधार छापावी लागली. तो म्हणाला, “मग एक पान जरी झाकलेलं ठेवलं तर ती माणसं म्हणणार, बघा, काहीतरी दडवलंय.” हा मुद्दा भक्कम होता आणि मी त्याचे कौतुक करणार, एवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या मुलीने तो प्रश्न विचारला. विचारताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. आपल्या वहीकडे पाहत होती.

त्या वहीची हकीकत सांगायची मी आतापर्यंत टाळली, हे वाचकाच्या लक्षात आले असेल किंवा नसेल.

जुलैत मी प्रत्येक मुलाला एक रोजवही करायला सांगितली होती. पंधरवड्यातून एकदा मी ती पाहणार होते, तीही फक्त शुद्धलेखनासाठी. जे पान मी वाचू नये असे वाटेल ते मधोमध दुमडायचे. दुमडलेले पान बाई उघडणार नाहीत. हे मी भर वर्गात सांगितले होते. मुले बिचारी विश्वास ठेवतात. श्रावणातल्या एका संध्याकाळी वह्या तपासताना या मुलीच्या वहीत लागोपाठ तीन पाने दुमडलेली दिसली. ती काही दिवस गप्प असे. घरी काही आहे का, शाळा सुटते आहे की काय, लग्नाचे तर काढले नाही ना, अशा शंका माझ्या मनात आल्या. आमच्या भागात अशा शंका निराधार नसतात. मी पाने उघडली.

त्यात काय होते ते मी इथे लिहिणार नाही. एवढेच सांगते, की घरचे संकट नव्हते. कुणाचे काही बिघडावे असेही काही नव्हते. तेरा वर्षांच्या मुलीने दुमडून ठेवावे, असेच काही होते. मी पाने पुन्हा दुमडली आणि मनाशी म्हटले, काळजीपोटी वाचले, ठीक आहे. पण मला वाचताना काळजी कितीशी वाटत होती? पहिले पान काळजीने उघडले असेन. तिसरे उघडेतो काळजी संपली होती आणि मी वाचीत होते, जशी कादंबरीकार बाई वाचते. काळजी आणि कुतूहल यांचे कुलूप एकाच किल्लीने उघडते, हे माझ्यासारखीला तरी ठाऊक असायला हवे होते. पाने मी उलट्या बाजूने दुमडली होती, हे मात्र माझ्या ध्यानात आले नाही. तिच्या आले.

घंटा झाल्यावर मी घरी गेले आणि आठवडाभर उत्तर जुळवीत बसले. मग मला मीप खीस आठवली. लपलेल्यांना अन्न पोचवणाऱ्या मदतनिसांपैकी ही एक. ४ ऑगस्ट १९४४ रोजी पोलीस आले; त्यांच्या अधिकाऱ्याने दागिने-पैसे भरायला पिशवी हवी म्हणून कागदांची बॅग जमिनीवर रिकामी केली. त्याला त्या कागदांत काही वाचण्यासारखे आहे असे वाटले नाही. मंडळींना नेल्यावर मीप आणि बेप व्हॉस्कॉइल यांनी ते कागद गोळा केले. मीपने ते आपल्या टेबलाच्या खणात ठेवले. वाचले नाहीत. मुलगी परत आली की तिला द्यायचे, एवढाच विचार. वर्षभर ते त्या खणात होते. ती रोज त्या टेबलाशी बसून काम करीत होती. ॲन परत येणार नाही हे नक्की कळल्यावर तिने ते ॲनच्या वडिलांच्या हातात दिले. पुढे ती म्हणत असे, की वाचले असते तर जाळून टाकावे लागले असते, कारण त्यात मदत करणाऱ्यांची नावे होती. डायरी जगाला मिळाली ती ज्या बाईला वाचायचा सर्वांत जास्त हक्क होता तिने वाचली नाही म्हणून.

हे मी पुढल्या शनिवारी वर्गाला सांगितले. मुलांना आवडले. कुणीतरी म्हणाले, “म्हणजे वाचू नये.” लगेच दुधाच्या घरातला मुलगा म्हणाला, “आमच्या पणज्यानं विचारलं नाही ते चुकलंच पण.” मी म्हटले, दोन्ही वहीत लिहा. तो तास मी चांगला घेतला असे मला वाटले. पण ज्या मुलीने विचारले होते ती मान खाली घालून बसली होती, आणि मला कळून चुकले, की मी तिला मीपची गोष्ट सांगून माझी सांगायची टाळली आहे.

तास संपल्यावर मी तिला ग्रंथालयात बोलावले. कपाटे आवरण्याचे निमित्त केले. पुस्तकांकडे तोंड करून बोलणे सोपे जाते. म्हटले, “तुझी दुमडलेली पानं मी उघडली होती. चूक झाली.” ती म्हणाली, “म्हाईत हाय.” नंतर बराच वेळ काही बोलली नाही, पुस्तके हातात देत राहिली. मी विचारले, “वर्गात का नाही विचारलंस सरळ?” तर म्हणाली, “तुम्ही काय म्हणता ते बघायचं होतं.” मग दाराशी जाऊन थांबली आणि म्हणाली, “वाचून कुणाला सांगितलं का?” मी म्हटले, “नाही.” तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की हे खरे धरायचे की नाही ते ती नंतर ठरवणार आहे.

नवरात्रात वह्या पुन्हा तपासायला आल्या. तिच्या वहीत या खेपेस एकही पान दुमडलेले नव्हते. एका पानावर मात्र पुस्तकांना कव्हर घालायचा खाकी कागद चारी बाजूंनी खळ लावून चिकटवला होता. खळ इतकी भरपूर होती, की पलीकडचे पानही त्याला चिकटून बसले होते, आणि शुद्धलेखन त्या पलीकडच्या पानावर होते. ते तपासायचे राहिले.